मोडशी, कुत्र्याचं मरण आणि देवळालीचा ताप

औंधला प्रॅक्टिस सुरू करून मला तीन-चार वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. दिवस पावसाळ्याचे. ओपीडी संपत आली होती. जवळच्या वाडीवरून साठी ओलांडलेले एक आबा आले, बरोबर त्यांच्या घरच्या आक्का. आबा गप्प, बोलत होत्या त्या आक्काच. "काय न्हाय वो डॉक्टर, मोडशी झालीया. परवा जत्रंचं जेवण झालं, त्यात आलं पावसाचं नवं पाणी."

मोडशी हा शब्द माझ्या आजीचा. लहानपणी पोट बिघडलं की ती म्हणायची, "मोडशी झालीय पोराला", आणि आलं-लिंबाचा रस मीठ घालून चाटवायची. त्यामुळे हा शब्द ऐकला की माझ्या मनात आजीचं स्वयंपाकघर यायचं, धोक्याची घंटा वाजायची नाही. मी केसपेपरवर 'अपचन' असं लिहिलं, गोळ्या दिल्या आणि हलकं खायला सांगितलं. किती वेळा जुलाब झाले, हे विचारलं नाही. लघवी शेवटची कधी झाली, हेही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांना जीपमध्ये आडवं टाकून आणलं. डोळे खोल गेलेले, पोटऱ्यांत वांब, आवाज घोगरा. हाताची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती तशीच उभी राहत होती. बीपी लागत नव्हतं. आदल्या दुपारपासून लघवीचा थेंब नव्हता. दोन्ही हातांना सलाईन लावून त्यांना साताऱ्याला पाठवलं. किडनीनं चार दिवस संप केला आणि मग सुदैवानं ती कामावर आली. आबा वाचले. पण आक्कांनी मला नेमका शब्द सांगितला होता आणि तो मीच हलक्यात घेतला, ही गोष्ट माझ्या डोक्यातून गेली नाही.

काही महिन्यांनी हा प्रसंग मी माझ्या एका पेशंटला सांगितला. इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक, दर महिन्याला शुगर दाखवायला येतात. ते ऐकून हसले नाहीत. पुढच्या वेळी येताना मात्र एक जाडजूड पुस्तक घेऊन आले आणि खूण घातलेलं पान माझ्यापुढे ठेवलं. पानावर शब्द होता 'मॉर द शियां'. अक्षरशः फ्रेंच, अर्थ 'कुत्र्याचं मरण'. आणि खाली खुलासा असा, की हा शब्द मुळात फ्रेंच नाहीच, तो मराठी आणि कोंकणीतला 'मोडशी' आहे.

त्या पुस्तकाचं नाव 'हॉब्सन-जॉब्सन'. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल या दोघांनी रचलेला हा कोश १८८६ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानात राहिलेल्या इंग्रजांच्या तोंडी इथले जे शब्द बसले, मोडले, वाकले, त्यांचा हा कोश. नावसुद्धा त्याच जातीचं आहे. मोहरमच्या मिरवणुकीतला 'या हसन, या हुसेन' हा आक्रोश गोऱ्या सोल्जरांच्या कानांनी 'हॉब्सन-जॉब्सन' असा ऐकला. त्यात 'मुंगूस' आहे, म्हणजे इंग्रजीतला 'माँगूस', आणि तो आपल्या मराठीतून गेलेला आहे. डोक्याला लावायचा 'शाम्पू' आहे, तो आपल्या चेपण्या-चांपण्याच्या गोतावळ्यातला. पण डॉक्टर म्हणून मी अडकलो तो मोडशीपाशी.

हा शब्द गोव्यातून युरोपात गेला. गार्सिया द ओर्ता नावाचे पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्याला आले आणि मरेपर्यंत तिथेच राहिले. १५६३ मध्ये त्यांनी गोव्यातच छापलेलं हिंदुस्थानी औषधींवरचं पुस्तक वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. सगळं पुस्तक संवादाच्या रूपात आहे. स्वतः ओर्ता आणि रुआनो नावाचा एक काल्पनिक पाहुणा वैद्य बोलत बसतात. त्यातल्या सतराव्या संवादात ओर्ता सांगतात, की या रोगाला इथले लोक 'मोर्शी' म्हणतात आणि आम्ही पोर्तुगीजांनी ते बिघडवून 'मोर्देशी' केलं आहे. आपला 'ड' पोर्तुगीज जिभेला जमत नाही, त्याचा कधी 'र' झाला तर कधी 'र्द'. पुढे शेवटी नाकातला सूर चिकटून 'मोर्देशिं' झालं.

मला जास्त चटका लावला तो त्यांनी लिहिलेल्या लक्षणांनी. नाडी अगदी क्षीण, थंड घाम, न भागणारी तहान, खोल गेलेले डोळे, हातापायांत वांब. माणूस बहुधा चोवीस तासांत जातो. काही दहा तासही टिकले नाहीत आणि एखादा अपवाद सोडला तर जास्तीत जास्त टिकलेला चार दिवस, असं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं म्हणून सांगतात. मी ते वाचलं आणि माझ्यापुढे जीपमधले आबा उभे राहिले.

त्याच्याही वीस वर्षं आधी, १५४३ मध्ये, गोव्यात या रोगाची मोठी साथ आली होती. गास्पार कुरेआ या पोर्तुगीज बखरकारानं तिचं वर्णन केलं आहे. इतके लोक मरत होते, की मयतासाठी चर्चची घंटा वाजवायला गव्हर्नरनं बंदी घातली. घंटेच्या आवाजानंच जिवंत माणसं हबकत होती. रोगाचं कारण कळावं म्हणून इस्पितळात मेलेल्या एका माणसाचं शव उघडायला लावलं. वैद्यांना आत काहीच सापडलं नाही. फक्त जठर आक्रसून, आगीवर धरलेल्या कातड्यासारखं सुरकुतलं होतं. आज वाचताना वाटतं, की ते चुकीच्या जागी शोधत होते. जे हरवलं होतं ते पाणी होतं, आणि शव उघडून नसलेलं पाणी कसं दिसणार?

पुढे जो प्रवासी आला त्यानं हा शब्द आपापल्या परीनं लिहिला. १५८३ ते १५८८ गोव्यात राहिलेल्या डच लिन्सखोतेनच्या पुस्तकात तो आहे. ईस्ट इंडिया कंपनीचे डॉक्टर जॉन फ्रायर यांच्या पुस्तकातही आहे. हे फ्रायर १६७५ मध्ये जुन्नरला मोगल अंमलदाराच्या बोलावण्यावरून गेले होते, म्हणजे शिवराज्याभिषेकाच्या दुसऱ्याच वर्षी. मोर्देशिंवर इथे निर्दयपणे डाग देतात, असं ते लिहितात. तापलेलं लोखंड टाचेच्या जाड कातडीला लावायचं, असा तो उपाय होता. फ्रेंच वैद्य देलॉन यांनीही त्याच उपायाबद्दल लिहिलं आहे.

मग हा शब्द फ्रेंचांच्या कानावर गेला. 'मोर्देशिं' याचा अर्थ त्यांना लागेना, पण आवाज मात्र ओळखीचा वाटला. 'मॉर' म्हणजे मरण, 'शियां' म्हणजे कुत्रा. उलट्या-जुलाबांनी काही तासांत तडफडत जाणाऱ्या माणसाकडे पाहून हा अर्थ कुणाला खोटा वाटला नाही. आपल्याकडेही कुत्र्याच्या मौतीनं मरणं हा शब्दप्रयोग आहेच. फ्रेंचांकडून तो इंग्रजांनी उचलला. चार्ल्स कर्टिस या नौदलाच्या सर्जनांनी १७८२-८३ मध्ये मद्रासच्या नौदल रुग्णालयात पाहिलेल्या रोगांवर पुस्तक लिहिलं, १८०७ मध्ये. त्यातही या रोगाचं नाव 'मॉर द शियां' असंच आहे. म्हणजे गोव्याकडच्या बायाबापड्यांचा 'मोडणे' या क्रियापदातला साधा शब्द इंग्रजी वैद्यकात कुत्र्याचं मरण होऊन बसला. मूळ शब्द किती नेमका आहे पाहा. माणूस मोडतो, कोसळतो, अंग खचतं. या अवस्थेला आजही आमच्या पुस्तकात 'कोलॅप्स' म्हणतात. अर्थ तोच.

आता तुम्ही म्हणाल, शब्दाचं एवढं काय? तर या शब्दावर एका मोठ्या वादाचा निकाल अवलंबून होता. १८१७ च्या ऑगस्टमध्ये बंगालातल्या जेसोरला कॉलऱ्याची भयंकर साथ सुरू झाली. नोव्हेंबरमध्ये ती बुंदेलखंडात लॉर्ड हेस्टिंग्जच्या छावणीत शिरली. हे सैन्य पेंढारी आणि मराठ्यांविरुद्ध निघालेलं होतं. त्याच महिन्यात इकडे पुण्याजवळ खडकीची लढाई होत होती. पुढच्या वर्षी पेशवाई बुडाली आणि ऑगस्टमध्ये साथ मुंबईत पोचली. नंतर ती जगभर गेली. तेव्हा अनेक इंग्रज डॉक्टर म्हणू लागले, की हा रोगच नवीन आहे, हेस्टिंग्जच्या कारकिर्दीआधी तो हिंदुस्थानात नव्हताच. यूल-बर्नेल यांनी कोशात या समजुतीला निराधार म्हटलं. पुरावा काय? मोडशी. नाव बदललं म्हणून लोक जुना रोग विसरले, एवढंच.

'कॉलरा' हे नाव मुळात युरोपातलं. ग्रीक भाषेत 'खोले' म्हणजे पित्त. हिप्पोक्रेटिसच्या काळापासून पित्ताच्या उलट्या-जुलाबांना हे नाव होतं आणि तिकडचा तो रोग बहुधा उन्हाळी, सौम्य, बरा होणारा. इंग्रजीत 'कॉलरिक' म्हणजे तापट. आपणही पित्त खवळलं म्हणतोच की. हे सौम्य नाव आपल्याकडच्या जीवघेण्या रोगाला चिकटलं आणि भयंकर झालं. मोडशीचा प्रवास बरोबर उलटा. घराघरांतला हा जीवघेणा शब्द हळूहळू मवाळ होत अपचनावर येऊन टेकला. त्याची भीती मग पटकी, मरी, महामारी अशा शब्दांकडे गेली. गावाच्या वेशीबाहेर मरीआई बसली ती त्या भीतीपोटीच. पंढरीच्या वारीतून परतणाऱ्यांबरोबर पटकी गावात येते, ही दहशत तर माझ्या आजोबांच्या पिढीनं पाहिलेली होती. एकाच शब्दानं चारशे वर्षांत दोन टोकं गाठली, आणि माझ्यासारखा डॉक्टर चुकला तो त्यांच्या मधोमध.

उपचारांकडे वळू. ओर्ता यांनी इथल्या वैद्यांचे उपाय नोंदवले आहेत. पायाला डाग देणं त्यात आहे, डोळ्यांत पिंपळी घालणंही आहे, आणि ते वाचून अंगावर काटा येतो. पण त्याच यादीत एक ओळ अशी आहे, की तिथं मी थांबलो. रोग्याला तांदळाची कांजी मिरी आणि जिरं घालून प्यायला देतात. आपली पेज! डागाकडे त्या काळचे प्रवासी डोळे विस्फारून पाहत राहिले आणि पेजेकडे कुणी फारसं पाहिलं नाही.

कॉलऱ्याचा जंतू इटलीत पाचिनी यांनी १८५४ मध्ये पाहिला. त्याच वर्षी लंडनमध्ये जॉन स्नो यांनी पाण्याच्या पंपावरून साथीचा माग काढला. रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्याला येऊन १८८४ मध्ये जंतूवर शिक्कामोर्तब केलं. पण जंतू आतड्यात नेमकं काय करतो, ते कळायला १९५९ साल उजाडलं. कलकत्त्याच्याच शंभुनाथ डे यांनी दाखवलं, की जंतू एक विष सोडतो आणि त्या विषानं आतडं पाणी ओकायला लागतं. तासाला अर्धा-एक लिटरसुद्धा. त्या पाण्याबरोबर मीठ जातं. मग रक्त आटतं, नाडी बुडते, किडनी बंद पडते.

यात एक सुदैवाची गोष्ट आहे. पाणी बाहेर सोडणारा दरवाजा उघडा राहिला तरी आतड्याचा दुसरा एक दरवाजा शाबूत असतो. त्यातून साखर आत शिरते, शिरताना मिठाचा हात धरून त्यालाही आत नेते, आणि त्या दोघांच्या मागोमाग पाणी येतं. नुसतं पाणी दिलं तर ते फारसं शोषलं जात नाही. साखर-मीठ बरोबर असेल तर शोषलं जातं. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बोनगावच्या छावणीत सलाईन संपलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनाबीस यांनी साखर-मीठाचं पाणी पिंपांत कालवलं आणि ते पाजायचं काम नातेवाइकांवर सोपवलं. तिथला मृत्युदर सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आला. आज मेडिकलमध्ये मिळणारं ओआरएसचं पाकीट त्याच वंशातलं. तांदळाच्या पिठाचं ओआरएसही असतं आणि कॉलऱ्यात ते चांगलं काम करतं, कारण पिष्टाची आतड्यात हळूहळू साखरच होते. मिठाची चिमूट घातलेली पेज हा काही केवळ बायकांचा उपाय नव्हता.

पाकीट नसेल तर उकळून गार केलेलं एक लिटर पाणी घ्या. त्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ टाका. चमचा चहाचा. मीठ अंदाजानं जास्त टाकू नका, ते घातक ठरतं. पाणी घोटघोट पाजा आणि उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा पाजा. लघवी सहा-आठ तास झाली नसेल, माणूस गळून पडला असेल, पोटऱ्यांत वांब येत असतील, जुलाब तांदळाच्या धुवणासारखे होत असतील, तर पाजत पाजतच दवाखान्यात आणा. घरीच थांबून वाट पाहू नका. म्हातारी माणसं आणि लहान मुलं फार लवकर खचतात.

पुस्तक परत द्यायला गेलो तेव्हा प्राध्यापकांनी मला आणखी एक शब्द दिला. हा बिचारा त्या कोशातला नाही, सोल्जरांच्या तोंडचा. 'डूलाली टॅप'. इंग्लंडात आजही कुणी विचित्र वागायला लागलं तर 'तो डूलाली झाला' म्हणतात. हे डूलाली म्हणजे नाशिकजवळची आपली देवळाली, आणि टॅप म्हणजे ताप! देवळालीचा ताप.

देवळालीला १८६१ पासून इंग्रजांची छावणी होती. हिंदुस्थानात मुदत संपलेले सोल्जर बोटीची वाट पाहत तिथे थांबत. सैन्य नेणाऱ्या बोटी साधारण ऑक्टोबर ते मार्च या काळातच सुटत. ज्याची मुदत मार्चनंतर संपली, त्यानं पुढचे कित्येक महिने देवळालीत काढायचे. काम नाही, कवायत नाही, ऊन तेवढं भरपूर. फ्रँक रिचर्ड्स हे साधे सोल्जर म्हणून हिंदुस्थानात राहिले होते. त्यांच्या १९३६ च्या आठवणींत हा शब्दप्रयोग त्या छावणीतल्या कंटाळ्यातून आला असावा, असं ते म्हणतात. वर्षानुवर्षं शिस्तीत राहिलेली चांगली माणसं तिथे बिघडत, दारू पीत, मारामाऱ्या करीत, आणि घरी जायच्या ऐवजी तुरुंगात जात. बीबीसीनं १९७४ मध्ये देवळालीच्या छावणीवर एक विनोदी मालिकाही काढली.

मला मात्र हसू येत नाही. तो कंटाळाच असेल, पण सगळ्यांच्या बाबतीत नसणार. उन्हात राबून तापानं बडबडणारा, मलेरिया मेंदूत गेलेला, रोजची दारू अचानक तुटल्यावर भिंतीवर किडे दिसणारा, उपदंश मेंदूपर्यंत पोचलेला, आणि खरंच नैराश्यानं खचलेला, या सगळ्यांवर बराकीत एकच शिक्का बसला असणार. आमच्या ओपीडीतही हे घडतं. ताप आलेला माणूस असंबद्ध बोलायला लागतो आणि घरचे म्हणतात, बाहेरचं काही लागलंय. तापात भ्रम होणं ही इमर्जन्सी आहे. देवऋषी नंतर, आधी रक्ततपासणी. आणि ताप नसताना माणूस बदलला, झोप उडाली, कामधंदा सुटल्यावर गप्प गप्प झाला, तर तोही आजारच आहे. मराठीत आपण 'डोक्याला ताप' म्हणतो तो वैतागासाठी. देवळालीत तो शब्दशः होता.

जाता जाता एक गंमत. आमच्या औंधचा शब्दसुद्धा विलायतेला गेला होता, आणि तोही आरोग्याचाच. राजे भवानराव पंतप्रतिनिधी रोज सूर्यनमस्कार घालत. संस्थानातल्या शाळांत त्यांनी ते सुरू केले. १९३८ मध्ये लंडनला लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी संपादित केलेलं त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं. तिथे मात्र शब्दाची मोडतोड झाली नाही, त्याचं सरळ भाषांतर झालं, 'सन सॅल्यूटेशन'. मोडशीला हे भाग्य मिळालं नाही.

आबा पुढे बरीच वर्षं जगले. आक्का अजून बीपीच्या गोळ्यांना येतात. परवा त्यांनी शेजारच्या सूनबाईला बरोबर आणलं, कडेवर दीड वर्षाचं पोर. मी काही विचारायच्या आतच आक्का म्हणाल्या, "मोडशी झालीया बघा. सकाळधरनं सा येळा झालं. पन लघवी झालीया आत्ताच, जीभ वली हाय, अन् पुडीचं पानी पाजतच आनलंय. आता तुमी काय लिवायचं ते लिवा."

मी केसपेपर घेतला आणि निदानाच्या जागी 'मोडशी' असंच लिहिलं. खाली जुलाबांची संख्या आणि लघवीची वेळ.